सहाव्या ठिकाणचं पाणी

थेंबबाई हे नाव त्यांना बाटल्या धुणाऱ्या माणसाने दिलं होतं. बाटलीच्या तोंडाला बोट लागलं, झाकण हातात धरण्याऐवजी टेबलावर ठेवलं, पाण्याचा एक थेंब इकडचा तिकडे झाला, तरी अख्खा नमुना मोरीत ओतायला लावणारी बाई. तिला दुसरं काय म्हणणार? नाव अर्थातच पाठीमागे घ्यायचं होतं. पण भिंतींना कान असतात आणि प्रयोगशाळेच्या भिंती तर अर्ध्या काचेच्या. बाईंना ते पहिल्याच आठवड्यात कळलं होतं आणि मनातून आवडलंही होतं. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली तरी ते तिथे टिकून होतं. नव्या भरतीतल्या एकाला तर ते त्यांचं आडनावच वाटलं, आणि त्याने पाकिटावर तसंच लिहून पाठवलं होतं.

फोन आला तेव्हा बाई खिडकीशी बसून जुन्या तक्त्यांची प्रुफं तपासत होत्या.

"मॅडम, वेळ असेल तर एकदा येऊन जाल का? फोनवर सांगण्यासारखं नाही."

"फ्रीझर बंद पडला का गं?"

"नाही हो, फ्रीझर ठणठणीत आहे."

"मग बाकी काहीही असलं तरी मी बसून ऐकू शकते. येते उद्या."

फोनवरची मुलगी म्हणजे प्रयोगशाळेतली नवी शास्त्रज्ञ. डीएनएचं सगळं काम तिच्याकडे. उंच, सडपातळ, सरळ उभी राहणारी. म्हणून सगळे तिला पिपेट, म्हणजे थेंब मोजायची काचेची नळी, म्हणत, आणि हे नाव मात्र तोंडावर घेत. शहराला नवी जॅकवेल बांधायची होती, म्हणजे पिण्यासाठी नदीतून पाणी उचलायची विहीर. जागा ठरली होती आठव्या ठिकाणाजवळ. का, तर बाईंच्या एकोणतीस वर्षांच्या नोंदी सांगत होत्या की तिथलं पाणी बरं आहे. त्या नोंदींचं जाड पुस्तक निघणार होतं, मुखपृष्ठावर बाईंचं नाव. एक प्रकरण पिपेटचं असणार होतं, आणि त्याचं श्रेयही बाईंच्याच पदरात पडायचं होतं. कारण पंचेचाळीस वर्षांपूर्वी, डीएनए वाचण्याचं यंत्र या शहरात कोणी पाहिलंही नव्हतं तेव्हापासून, बाई दर महिन्याला एक जास्तीचा फिल्टर गोठवून ठेवत आल्या होत्या.

ते असं. नदीवर नऊ ठिकाणं ठरलेली होती, वरून खाली. दर मंगळवारी नऊ बाटल्या यायच्या. पाणी गोल पांढऱ्या फिल्टरमधून ओढलं की जंतू त्यावर राहतात. तो फिल्टर जंतूंच्या खाण्यावर पसरून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी त्यावर ठिपके उगवतात, ते मोजायचे. जितके ठिपके तितकी घाण. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी बाई प्रत्येक बाटलीचा आणखी एक फिल्टर ओढायच्या, घडी करून बोटभर नळीत घालायच्या आणि सर्वांत थंड फ्रीझरमध्ये ठेवायच्या. कधीतरी कोणाला तरी हे वाचता येईल, असं म्हणायच्या. एक संचालक दर वर्षी विचारायचे, "बाई, या कागदांचं अंत्यदर्शन कधी आहे?" बाई सांगायच्या, "तुमच्या निवृत्तीनंतर." आणि तसंच झालं.

दुसऱ्या दिवशी पिपेटने खुर्ची ओढून दिली आणि पडद्यावर रंगीत पट्ट्या लावल्या. एक पट्टी म्हणजे एक फिल्टर. कुठले जंतू किती, त्याप्रमाणे रंग कमीजास्त.

"हे तुमचं पहिलं वर्ष. नऊ पट्ट्या, नऊ तऱ्हा. पाच आणि सहाच्या मध्ये मोठा नाला मिळतो, तर सहापासून हे तपकिरी वाढलेलं बघा. पोटातले जंतू. बरोबर?"

"बरोबर."

"आणि हे अकरावं वर्ष."

बाईंनी चष्मा पुसला. पाच, सहा, सात, आठ, नऊ. एकाच कापडातून फाडलेल्या पट्ट्या असाव्यात तसे रंग. तपकिरी नव्हतंच.

"पाणकणसांचा पट्टा," बाई म्हणाल्या. "नाल्यानंतर नदी वळते तिथे पाणकणसांचं रान माजलंय. ते घाण धरून ठेवतं. तोच तर शोध आहे."

"घाण धरली तर तपकिरी कमी होईल, मॅडम. पण बाकीचे जंतू तरी बदलतील की नाही? रानातून पाणी गाळून आलं तर रानातले काहीतरी सोबत येतील. इथे तर..." ती अडखळली. "सहा ते नऊ हे पाचच आहे. नऊ वर्षं."

बाईंना राग आला. राग आला की त्या हळू बोलायच्या. "पोरी, पाचवी नळी उघडलेल्या हातमोज्यांनीच तू सहावी उघडलीस. मग सातवी. पाचव्याचा डीएनए पुढे ओढत नेलास. पुन्हा कर. नऊपासून उलटी ये. आणि दर दोन नळ्यांमध्ये एक कोरा फिल्टर घाल, स्वच्छ पाण्याचा. त्यात काही उगवलं तर चूक तुझी."

"आणि नाही उगवलं तर?"

"आधी कर," बाई म्हणाल्या.

घरी जाताना त्यांना पोरीची कीवच आली. हुशार होती, पण ताक फुंकून प्यायची सवय अंगी लागायला आधी एकदा दुधाने तोंड पोळावं लागतं.

पहिली आठ वर्षं नमुने आणायचे नदीकाका. प्रयोगशाळेचे शिपाई, लांब ढांगांचे, कमी बोलणारे. ते निवृत्त झाले तेव्हा नदीच्या काठाने सहा कोस तंगडतोड करायला कोणी तयार होईना. बाईंनी वहिनीचं नाव सुचवलं. दादाची बायको. शाळा शिकलेली, अक्षर मोत्यासारखं, पायाला भिंगरी. संचालक म्हणाले, घरातलं माणूस नको. बाई म्हणाल्या, घरातलं आहे म्हणूनच हवं. खोटं बोलली तर रात्री जेवायला माझ्याच समोर बसायचंय.

केवढी खात्री होती. बाईंनी लग्न केलं नव्हतं. आई, दादा, वहिनी आणि त्यांची दोन मुलं हेच घर. दोन खोल्यांत सहा माणसं. नणंद-भावजय म्हटलं की लोक कान टवकारतात, पण या दोघींचं असं जमायचं की शेजारणींची निराशा व्हायची. मंगळवारी संध्याकाळी वहिनी दमून यायची, बाई तिला पाय वर घेऊन बसायला लावायच्या आणि स्वतः ताटं घ्यायच्या. दादा, चष्म्यांच्या दुकानाचा मालक, मंगळवारी दुकान बंद म्हणून घरीच असायचा; तो ताटावर बसला की विचारायचा, "काय शास्त्रज्ञबाई, आज नदीने काय सांगितलं?" आणि वहिनी खाली मान घालून हसायची. हा घरातला ठरलेला विनोद होता. मुलंसुद्धा म्हणायची.

बाईंचा एक नियम होता आणि त्या नियमाचा त्यांना अभिमान होता. मोजणाऱ्याने नदीवर जायचं नाही. ज्याने घाण पाणी डोळ्यांनी पाहिलं त्याचे डोळे ठिपके जास्त मोजतात. ज्याने स्वच्छ पाहिलं त्याचे कमी. म्हणून आणणारा वेगळा, मोजणारा वेगळा. बाटलीवर फक्त आकडा. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला बाई हे पहिल्या दिवशी सांगायच्या. स्वतः त्या एकोणतीस वर्षांत एकदाही काठावर गेल्या नाहीत. लोक म्हणायचे, नदीवर आयुष्य काढलं आणि नदीत पाय बुडवला नाही; बाई म्हणायच्या, न्यायाधीश चोरी बघायला जातो का?

अकराव्या वर्षी ठिपके एकदम उतरले. सहा, सात, आठ, नऊ, चारही. बाईंनी त्या रात्री जेवण टाकलं. जंतूंचं खाणं बिघडलं असेल म्हणून नवं केलं, ठिपके उगवायच्या भट्टीचं तापमान तपासलं. मग वहिनीला म्हणाल्या, शुक्रवारी पुन्हा जाऊन ये. शुक्रवारच्या बाटल्याही तशाच. तीन महिने तसंच चाललं तेव्हा बाई धावत घरी आल्या. "वहिनी, नदी स्वतःला धुते आहे!" वहिनीने त्यांच्याकडे पाहिलं आणि हसली. आईने विचारलं, म्हणजे पगार वाढणार का?

त्यावर शोधनिबंध झाला, तो परदेशी वाचला गेला. पाणकणसांच्या रानाला लोक बाईंचं रान म्हणू लागले. नाल्यावर शुद्धीकरणाचा प्लँट बांधायचा बेत होता तो मागे पडला. रान फुकट करतंय ते विकत कशाला? पुढे, वहिनीचं अकरावं वर्ष संपताना, सहा ते नऊ ही ठिकाणंच बंद केली. चांगल्या पाण्याला रोज काय बघायचं? वहिनीने तेव्हा नोकरी सोडली. बाई वरची पाच ठिकाणं निवृत्तीपर्यंत मोजत राहिल्या.

एकदा खालच्या वस्तीतली एक बाई औषधाच्या बाटलीत पाणी घेऊन आली होती. मुलाला सारखे जुलाब. बाईंनी तिला खुर्ची दिली, तक्ता दाखवला, बोट ठेवून आकडे वाचून दाखवले आणि समजुतीने सांगितलं, "पाणी चांगलं आहे हो. घरातली भांडी उकळत्या पाण्याने धुवा." त्या बाईने तक्त्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बाटलीकडे पाहिलं आणि ती उठली. उघडी बाटली, न धुतलेली. असा नमुना बाई मोजत नसत.

बारा दिवसांनी पिपेटने पुन्हा बोलावलं. या वेळी खुर्ची ओढली नाही, जवळ येऊन उभी राहिली.

कोरे फिल्टर कोरेच निघाले होते. नऊपासून उलटं येऊनही पट्ट्या तशाच्या तशा. नदीकाकांची आठ वर्षं वेगवेगळी. वहिनीची पहिली दोन वेगवेगळी. मग अकराव्या वर्षाच्या एका मंगळवारपासून पाचच्या पुढे पाच, पाच, पाच, पाच.

"मी आणखी एक पाहिलं," पिपेट म्हणाली आणि तिने काठावरची वही उघडली, जीत नमुना घेणारा जागेवरच पाण्याचं तापमान लिहितो. मोत्यासारखं अक्षर. "नदीकाकांचं सहावं कधी पाचव्यापेक्षा गरम, कधी गार. नाल्याच्या मर्जीवर. हे बघा. सहा नेहमी पाचपेक्षा अर्ध्या अंशाने जास्त. सात त्याहून अर्ध्याने. नऊ वर्षं."

इतकी वर्षं तो तक्ता बाईंच्या डोळ्यांखालून गेला होता. त्यांना ती अर्ध्या अर्ध्या अंशाची शिडी सुंदर वाटायची. काखेत कळसा होता, आणि गावाला वळसा घालायलासुद्धा त्या कधी उठल्या नव्हत्या.

"कुठेतरी पाणी मुरतंय एवढंच मला म्हणायचं होतं," पिपेट हळूच म्हणाली. "पुढच्या आठवड्यात समितीची बैठक आहे. जॅकवेलचं नक्की होणार. मॅडम, मी काय करू?"

"मला चार दिवस दे."

दादा-वहिनी आता तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत दोघंच राहायचे. मुलं लांब. बाई पोचल्या तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात टेबलाशी मटार सोलत होती. सत्त्याहत्तर वर्षांची झाली होती, पण बोटं तशीच चपळ.

"या वन्सं. बऱ्या दिवशी आलात, निम्मे तुम्ही सोला."

बाई बसल्या. एक शेंग उचलली, खाली ठेवली.

"वहिनी, सहा ते नऊचं पाणी तू कुठून आणायचीस?"

वहिनीची बोटं थांबली नाहीत, नुसती मंद झाली. "कुठून म्हणजे? नदीतून."

"प्रयोगशाळेतल्या नव्या पोरीला फ्रीझरमधले फिल्टर वाचता यायला लागलेत. त्यांनी मला सांगितलंय. आता तू सांग."

"चहा टाकू?"

"नको."

"पुलाखालून," वहिनी म्हणाली. "पाचव्या ठिकाणाहूनच. सगळ्या बाटल्या."

बाईंनी काहीतरी वेगळं ऐकायची आशा धरली होती हे त्यांना आत्ता कळलं. बाटल्यांची अदलाबदल, लेबलं भिजली, काहीही.

"पुलापुढे चिखल होता. मी पडले, गुडघा हा एवढा सुजला. म्हटलं, एक मंगळवार."

"मी तुला शुक्रवारी पुन्हा जायला सांगितलं होतं. आकडे पटले नाहीत म्हणून."

"गेले ना. पुलापर्यंत."

"का नाही सांगितलंस? मी काय तुला मारलं असतं?"

"नोकरीवरून काढलं असतं. तुम्ही थेंबासाठी माणसं काढायचात, वन्सं."

"तुला काढलं असतं?"

"मला तर सगळ्यांच्या आधी. घरची म्हणून." ते खरं होतं, हे बाईंना ठाऊक होतं. वहिनी पुढे म्हणाली, "तीन महिन्यांनी गुडघा बरा झाला. पुन्हा पलीकडे जायचं मी ठरवलंही होतं. आणि त्या संध्याकाळी तुम्ही अशा आलात, जिन्यात चप्पल टाकून. नदी स्वतःला धुते आहे. तुमचं तसं तोंड मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मग मी खऱ्या बाटल्या आणल्या असत्या तर?"

"मग माझ्यावर दया केलीस म्हण ना."

"तसं नाही."

"गुडघा तीन महिने दुखला. उरलेली पावणेनऊ वर्षं तू मंगळवारी सहा-सहा तास कुठे असायचीस?"

आतल्या खोलीतून सपाता घासत दादा आला, कपाळावर चष्मा, हातात वर्तमानपत्र. "काय शास्त्रज्ञबाई, आज नदीने..." म्हणता म्हणता त्याने दोघींकडे पाहिलं, आणि बायकोला विचारलं, "कळलं वाटतं?"

तेवढे दोन शब्द. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. वहिनीने केसाने गळा कापला हे त्या गेल्या दोन दिवसांत कसंबसं गिळत आल्या होत्या. पण केसाचं दुसरं टोक कोणाच्या हातात होतं ते आत्ता दिसलं.

"तुला माहीत होतं."

"अगं, मंगळवारी माझं दुकान बंद असायचं," दादा म्हणाला. अजून त्याचा सूर हलकाच होता. "दोन खोल्या, दाराशी आई, मधे पोरं, पलीकडे तू. बायकोशी चार शब्द बोलायची सोय नव्हती. ही पुलाशी बाटल्या भरायची, मी तिथे यायचो. कधी सिनेमा, कधी नुसतंच काठावर बसायचो, बाटल्यांची टोपली मधे ठेवून. तिचं लिहायचं काम राहिलं तर आकडे मीच घालायचो. अर्धा-अर्धा अंश वाढवत."

"तू घालायचास."

"काहीतरी नियमाने घातलेलं बरं दिसतं ना."

बाईंना ताटं आठवली. दादा विचारायचा, नदीने काय सांगितलं, आणि वहिनी खाली मान घालून हसायची. तो विनोद आपल्या कौतुकाचा आहे असं त्या समजत होत्या, त्याही हसायच्या. सहा माणसांच्या पंगतीत त्या दोघांनी स्वतःपुरती एक खोली बांधली होती, आणि तिची चौथी भिंत बाई होत्या.

"आमची तेवढीच वर्षं गं," वहिनी म्हणाली. "लग्नातली. बाकी सगळा संसारच."

"आणि आकडेच तर होते," दादा म्हणाला. "कोणाच्या ताटातलं काढून घेतलं नाही."

"दादा, तू गिऱ्हाइकाला शेजारच्याचा नंबर घालून चष्मा दिलास का कधी? मंगळवारी सिनेमाला जायचंय म्हणून?"

दादाने कपाळावरचा चष्मा काढला आणि घडी केली.

"खालच्या वस्तीतली एक बाई माझ्याकडे पाणी घेऊन आली होती," बाई म्हणाल्या. "मुलगा जुलाबाने झिजत होता. मी तिला तुमचे आकडे वाचून दाखवले. भांडी धुवा म्हटलं. त्या मुलाचं पुढे काय झालं मला माहीत नाही. मी विचारलंच नाही. आकडे चांगले होते ना."

मग वहिनीच बोलली, आणि आता तिचा आवाज बदलला होता. "तुम्ही एकदाही आला नाहीत. अकरा वर्षांत एकदा. पूल आपल्या घरापासून किती लांब होता? कुठल्याही मंगळवारी आला असतात तर आम्ही दोघं दिसलो असतो, पायरीवर बसलेले. मी पहिलं वर्षभर रोज घाबरायचे, आज येतील, आज येतील. नंतर कळलं, तुम्ही यायच्याच नाहीत. तुम्हाला नदी नकोच होती, वन्सं. तुम्हाला बाटली हवी होती."

"नियम होता."

"नियम तुमचाच होता ना?"

बाई उठल्या. दादा दारापर्यंत आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "हे बघ, आता माहीत कोणाला आहे? आपण तिघं आणि ती पोरगी. लेबलं बदलली होती म्हण. तुझंच पुस्तक आहे, तुझंच नाव राहील. आम्ही या वयात तोंड कुठे दाखवायचं?"

"जॅकवेल आठव्या ठिकाणी होणार आहे, दादा. सगळं गाव ते पाणी पिणार. तूसुद्धा."

"बांधायच्या आधी बघतीलच की कोणीतरी."

"कशाला बघतील? मी बघितलंय ना."

जिना उतरताना त्यांनी कठडा घट्ट धरला. खाली पोचेपर्यंत त्यांना रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. मनात एकच हिशेब चालू होता: पावणेनऊ वर्षं, वर्षाचे बावन्न मंगळवार, प्रत्येकी चार बाटल्या. अठराशेच्या वर. त्यातला एकेक ठिपका त्यांनी भिंगाखाली मोजला होता. मोजण्यात चूक नव्हती. पाच नंबरचं पाणी त्यांच्याइतकं अचूक जगात कोणी मोजलं नसेल.

चौथ्या दिवशी त्या प्रयोगशाळेत गेल्या आणि पिपेटच्या टेबलाशी बसून समितीला पत्र लिहू लागल्या. पिपेटने आधीच एक मसुदा केला होता. त्यात लिहिलं होतं, काही नमुन्यांच्या उगमाबाबत अनिश्चितता आढळते.

"अनिश्चितता कसली?" बाई म्हणाल्या. "उगम निश्चित आहे. पुलाखाली."

"मॅडम, मी आपलं सौम्य..."

"सौम्य लिहिलं की समिती सौम्य वाचते."

मग त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं. अकराव्या वर्षाच्या त्या मंगळवारपासून सहा ते नऊ या ठिकाणांच्या सर्व नोंदी खोट्या आहेत. पाणकणसांच्या रानाविषयीचा निष्कर्ष मागे घेत आहे. शोधनिबंधही मागे घेत आहे. नाल्याखालचं पाणी गेल्या पस्तीस वर्षांत कोणीही तपासलेलं नाही. नमुना घेणाऱ्याचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा लेखणी थोडी रेंगाळली. पिपेट म्हणाली, "नाव नाही घातलं तरी चालेल. घरचं आहे." बाईंनी नाव घातलं, नातं घातलं, आणि आकडे भरायला मदत करणाऱ्याचंही नाव घातलं. शेवटी एक ओळ वाढवली: मोजणाऱ्याने नदीवर जाऊ नये हा नियम माझा होता आणि तो मी नऊ वर्षं कामचुकारपणासारखा पाळला.

बैठक झाली. जॅकवेलचं काम थांबलं, पुस्तकाचंही. संचालकांनी बाईंना चहा विचारला नाही. पाकिटावर आडनाव चुकवणारा तो मुलगा दारात बाजूला सरकून उभा राहिला. दादाचा फोन आला नाही. मोठ्या भाच्याचा आला, लांबून. "आत्या, निदान नावं घालायची नव्हतीस," एवढंच म्हणाला.

समितीने पिपेटला सहा ते नऊचे ताजे नमुने आणायला सांगितलं. ती नकाशा घेऊन बाईंच्या घरी आली. नकाशावर नदीची निळी रेघ होती आणि तिच्यावर नऊ ठिपके.

"पुलापर्यंत मी जाऊन आले. पुढे नुसतं पाणकणसांचं रान. काठच दिसत नाही. सहाव्याला रस्ता कुठून आहे, मॅडम?"

बाईंनी नकाशा जवळ घेतला, लांब धरला. तो ठिपका त्यांनी स्वतः काढला होता, इथेच बसून, पट्टीने मोजून.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

नदीकाका वारून वीस वर्षं झाली होती. तो रस्ता पायाखाली घातलेलं जगात एकच माणूस उरलं होतं. पहिली दोन वर्षं तिने खरंच घातला होता, हे फिल्टरच सांगत होते. बाईंनी पिपेटला पाणी दिलं, कागद-पेन जवळ ओढलं आणि फोन लावला. पाच-सहा घंट्या गेल्या.

"वहिनी, मी बोलतेय. सहावं ठिकाण. रस्ता सांग."

मग वहिनी बोलायला लागली, पाठ म्हटल्यासारखी, न थांबता. पुलाच्या पलीकडच्या बाजूला सोळा पायऱ्या, शेवटच्या दोन तुटक्या. मग कुंपण डाव्या हाताला ठेवून चालायचं. नाला ओलांडायला सिमेंटचा पाइप आहे, त्याच्यावरून जायचं नाही, घसरतो. वर वीसेक पावलांवर दगड टाकलेत. रानात शिरल्यावर पाणी घोट्यापर्यंत येतं, तिथे घाबरायचं नाही. एक वाकडं झाड लागेल, त्याच्या उजवीकडे. मग काठ एकदम उघडा होतो. तेच सहावं.

बाईंनी शब्द न् शब्द लिहून घेतला.

"नक्की?" त्यांनी विचारलं.

बोलून गेल्यावर त्यांना कळलं की हा प्रश्न त्यांनी वहिनीला आयुष्यात पहिल्यांदा विचारला.

"चालून बघा, वन्सं," वहिनी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

बाईंनी कागदाखाली तारीख घातली. माहिती देणाऱ्याचं नाव लिहिलं. त्याच्यापुढे कंसात लिहिलं, तपासलेले नाही. मग कपाटाखालून जुने बूट काढता येतात का ते बघायला वाकल्या.